माझ्याच बोलीला दुभाषी

बडनेरा

बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. मला घ्यायला कोणी येणार नव्हतं; स्टेशनवर येऊ नकोस, असं मीच मंगलला फोनवर बजावलं होतं. एकटीनं उतरायचं, एकटीनं रिक्षा करायची आणि गावाशी पहिलं वाक्य आपल्या बोलीत बोलायचं, हे मुंबईपासून मनाशी घोकत आले होते. गेल्या चाळीस वर्षांत अमरावतीला चार-पाचदा आले, पण ते कुणाच्या लग्नाला नाहीतर कुणाच्या तेराव्याला. चार दिवस माणसांच्या गराड्यात काढायचे आणि परत फिरायचं. या खेपेला कुणाचं काहीच नव्हतं.

बाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, "काहो भाऊ, येता काय? साईनगरले जा लागते."

त्यानं माझे आखूड कापलेले पांढरे केस पाहिले, पायातले जाड बूट पाहिले आणि म्हणाला, "हां मॅडम, बैठो. बंबई से आए क्या?"

"नाही बाप्पा. इथलीच हाव मी. अमरावतीची."

तो खळखळून हसला. "अरे वा, मराठी मस्त बोलते आप!"

वाटभर तो हिंदीत बोलत राहिला आणि मी वऱ्हाडीत. उतरताना त्यानं माझी पिशवी फाटकापर्यंत आणून दिली, अगदी आदरानं, परगावच्या पाहुणीला द्यावी तशी.

मी कोण हे सांगायला हवं, कारण मराठी वाचकाला मी माहीत असायचं काही कारण नाही. मी नटी आहे, आणि नाटकं बसवतेही. अकोल्याला कॉलेजात असताना तिथल्या एका शिक्षकानं बसवलेल्या वऱ्हाडी नाटकांतून मी पहिल्यांदा उभी राहिले. पुढं दिल्लीला शिकले आणि तिथून शिष्यवृत्तीवर दोन वर्षांसाठी जर्मनीला गेले. तेव्हा जर्मनी दोन होत्या. मी त्यातल्या गरीब जर्मनीत, लाइप्झिगला. तिथं योहान भेटला. तो नाटकाचे सेट उभे करायचा. दोन वर्षांचं आयुष्यभर झालं.

पहिली दहा वर्षं मी मोलकरणी केल्या, हात पाहून भविष्य सांगणाऱ्या बायका केल्या, सरहद्दीवर अडवलेल्या आया केल्या. एका दिग्दर्शकानं तर मला माझे उच्चार अजून थोडे बिघडवायला सांगितले. म्हणाला, इतकं चांगलं जर्मन बोललीस तर तू परकी वाटणार कशी? मग टीव्हीवरच्या एका पोलिसी मालिकेत शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं काम मिळालं आणि ते इतकी वर्षं चाललं की ट्राममध्ये बायका मला गुडघेदुखीवर औषध विचारायच्या. त्या पैशांवर मी आणि योहाननं ट्रामच्या एका जुन्या शेडमध्ये छोटं नाट्यगृह काढलं. तिथं मी बसवलेली नाटकं लोकांनी पाहिली, वर्तमानपत्रांनी बरंवाईट लिहिलं. पण माझ्या गावाकडच्या एकाही माणसानं माझं एकही काम पाहिलं नाही. आई-वडील गेले, भाऊ गेला. त्यांच्या लेखी मी "जर्मनीत काहीतरी नाटकाबिटकाचं करते" एवढीच होते.

योहानला जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. लाइप्झिगला निवृत्त कलावंतांसाठी एक घर आहे, तिथली एक खोली माझ्यासाठी रिकामी झाल्याचं जानेवारीत कळलं. हो की नाही ते मार्चअखेरीपर्यंत सांगायचं होतं. त्याच घरात माझी मैत्रीण फरीदा होती, इराणची नटी. आम्ही दोघींनी मिळून कितीतरी मोलकरणी केल्या होत्या. शेवटच्या वर्षात तिचं जर्मन गेलं. एक एक शब्द गळत सगळीच भाषा गेली आणि फक्त फारसी उरली. मी दर गुरुवारी जायची. ती माझा हात धरून तासन्‌तास बोलायची आणि मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. नर्स मला विचारायची, काय हवंय त्यांना? पाणी हवंय का?

माझं जर्मन गेलं तर माझ्याकडे काय उरेल, हे मला माहीत होतं. म्हणून अमरावतीत राहायला येता येईल का, ते पाहायला मी आले होते. हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

अमरावती

मंगल ही माझ्या धाकट्या भावाची, अरुणची बायको. अरुण गेल्यापासून ती दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. मुलं पुण्याला आणि बंगलोरला. माहेर नांदगाव खंडेश्वरचं, वडील शिक्षक. बोलणं सरळ, मधे गादी-उशी काही नाही.

"ताई, सोपं सांगा," पहिल्याच दिवशी चहा देता देता तिनं विचारलं, "तुम्ही कावून आल्या?"

"असंच. तुला भेटायला."

"मले भेटाले विमानानं?" ती म्हणाली आणि पुढं विचारलं नाही.

संध्याकाळी मी भाजी आणायला गेले. कोथिंबीर मागितली. भाजीवालीनं माझ्याकडे पाहिलं आणि जुडी उचलत म्हणाली, "सांबार म्हना ना बाई." वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला माहीत होतं. माझ्या आईनं जन्मात कोथिंबीर हा शब्द उच्चारला नाही. पण मला सांबार हा शब्द आठवला नाही. इतक्या वर्षांत मी मराठी वाचत राहिले ती पुण्या-मुंबईची पुस्तकं, आणि त्यांनी माझ्या नकळत माझी भाजीसुद्धा बदलून टाकली होती.

आमच्या जुन्या घरी गेले. वडील वकील होते. समोरच्या खोलीत पक्षकार बसायचे. आता तिथं तीन मजली इमारत आहे आणि तिन्ही मजल्यांवर क्लास. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांची गर्दी फाटकाबाहेर सांडली होती. मी थोडा वेळ उभी राहिले. एका मुलीनं अदबीनं विचारलं, "मावशी, कोणाला घ्यायला आलात?" कुणालाच नाही, म्हटलं. तिथून राजकमल चौकात येऊन गिला वडा खाल्ला, दह्यात बुडालेला, वर लाल चटणी. तो मात्र जसाच्या तसा होता. शेजारी उभं राहून खाणाऱ्या बाईला मी तसं म्हणालेसुद्धा. तिनं मान हलवली आणि जरा बाजूला सरकली. लाइप्झिगमध्ये अनोळखी माणसाशी असं आपणहून बोललं की लोक हेच करतात. तिथं त्याचं मला काही वाटत नाही.

मंगलनं एकदा माझी मालिका बघायला मागितली. फोनवर एक तुकडा लावून दिला. ती चष्मा लावून शेवटपर्यंत बघत होती.

"आवाज तुमचा हाय," ती म्हणाली. "पन तुम्ही नाही. आन्‌ मुडदे किती बाप्पा! एवढ्या वर्षांत एकही मानूस जिता नाही आला तुमच्याकडं?"

मी हसले. पण रात्री अंथरुणावर ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

मोर्शी

एक दिवस काही काम नसताना मोर्शीची बस पकडली. कॉलेजात असताना तिथं आमचा प्रयोग झाला होता, एवढंच निमित्त. शहर मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा लागतात. फेब्रुवारीत मृग बहाराचा तोडा चालू असतो. झाडाखाली नारिंगी ढीग आणि त्यांच्याभोवती बसून फळं निवडणाऱ्या बाया. मी एक थांबा अलीकडेच उतरले. चूक कळेपर्यंत बस गेली होती. ऊन चढलेलं, सावली फक्त बागेत. कुंपणाशी उभी असलेली पाहून एका बाईनं आत बोलावलं, पोत्यावर जागा केली आणि एक संत्रं सोलून हातात दिलं.

"कोनाच्या तुमी?" तिनं विचारलं.

आमच्याकडे गाव विचारत नाहीत, कोणाच्या ते विचारतात. मी वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, वकील होते म्हटलं. तिनं आठवून पाहिलं, शेजारणीला विचारलं. दोघींना कुणीच आठवलं नाही.

"मालकाचं नाव?"

"योहान."

"असं," ती म्हणाली आणि दुसरं संत्रं सोलायला घेतलं. पुढची बस येईपर्यंत मी तिथं बसून होते. त्या आपसात बोलत होत्या. मला सगळं कळत होतं, फक्त त्यात घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

अकोला

अकोल्याला बोलावणं होतं. माझे पहिले दिग्दर्शक, ज्यांना मी आणि सगळं अकोला नुसतं "सर" म्हणतं, ते आता पंच्याऐंशीच्या पुढं गेलेत. छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांमधलं त्यांचं कुटुंब. वडील सूतगिरणीत होते, सर शिकून शिक्षक झाले आणि शाळा सुटल्यावर नाटक बसवत राहिले. वकिलाच्या घरातली मुलगी त्यांच्या तालमीला जाते म्हणून आमच्या गल्लीत पुष्कळ बोललं गेलं होतं. वडिलांनी मला अडवलं नाही आणि सरांनी मला सोडलं नाही. त्यांचे विद्यार्थी अजूनही एक नाट्यसंस्था चालवतात. मी येणार कळल्यावर पूनम नावाच्या मुलीचा फोन आला: मॅडम, तुमचा एक प्रयोग अकोल्यात कराच.

माझ्याकडे एक एकपात्री होतं, मीच लिहिलेलं. जर्मनीत नाट्यगृहात आत जाताना लोक कोट उतरवून एका खिडकीवर देतात. तो कोट सांभाळणारी बाई तीस वर्षं दाराबाहेर बसते, आतलं प्रत्येक नाटक तिला ऐकू येतं, पण तिनं एकही पाहिलेलं नाही. तिकडे हे खूप चाललं होतं. मी त्याचं मराठी करून आणलं होतं.

मंगलला म्हटलं, चलतेस का? ती लगेच तयार झाली. बडनेऱ्याहून गाडीनं अकोला काही लांब नाही. जठारपेठेत सरांचं घर. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. शीला, बँकेत नोकरीला आहे. सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगानं निम्मे झालेले, डोळे तेच.

मी पाया पडून म्हटलं, "सर, मी कुमुद. वळखलं काय?"

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग शीलाकडे वळले.

"ताई, बाबाले आता काहीच आयकू येत नाही," शीला म्हणाली. "मशीन लावून पाह्यलं, उपयोग नाही. पन ओठं पाहून सारं समजते त्याईले. तुम्ही हळू बोला."

मी हळू बोलले. मग अजून हळू बोलले. सर पुढं वाकून, कपाळाला आठ्या घालून माझ्या ओठांकडे पाहत होते. शेवटी त्यांनी मान हलवली.

"नाही समजून राह्यलं. पूनमचं समजते, दूधवाल्याचं समजते, टीव्हीवरच्या बाईचं बी समजते. तुह्यं नाही समजत. तू तोंड उघडतच नाही, पोरी. सारं दाताच्या आंदर बोलते."

शीला मधे बसली. मी बोलायचं, तेच वाक्य तिनं त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणायचं. शब्द तेच, बोली तीच. ज्या माणसानं मला तोंड उघडून बोलायला शिकवलं, त्याच्याशी मी माझ्याच बोलीत दुभाषी घेऊन बोलत होते.

नाटकाची गोष्ट सांगितली. शीलाच्या ओठांवरून ती त्यांच्यापर्यंत पोचली आणि ते एकदम हसायला लागले.

"कोट? अकोल्यात कोट कोन घालते?"

खरंच होतं. उन्हाळ्यात इथला डांबरी रस्ता पाघळतो. मी म्हटलं, लोक समजून घेतील. तिकडची गोष्ट आहे.

"कावून समजून घेतीन? चपला दे तिले. देवळापुढं बसव. आंदर भजन चालू हाय, इले आयकू येते, पन जोडे सोडून आंदर जाता येत नाही. झालं तुह्यं नाटक."

इतक्या वर्षांत मी कितीतरी लेखकांची वाक्यं कापली होती. माझं कुणी असं दोन मिनिटांत उलटंपालटं केलं नव्हतं. मला राग आला, आणि चहा संपेपर्यंत तो गेलाही, कारण ती बाई मला दिसायला लागली होती. कोटवाली उभी असते, मधे लाकडी फळी असते. चपलांवाली जमिनीवर बसते.

प्रयोग चार दिवसांवर होता. शीलानं आग्रहानं आम्हा दोघींना ठेवून घेतलं. पूनम रोज संध्याकाळी यायची. तेवीस-चोवीस वर्षांची, मूळची मोर्शीकडची, इथं एका दुकानात हिशेब बघते आणि उरलेला जीव नाटकात घालते. मी वाक्य म्हणायची आणि ती ते वऱ्हाडीत फिरवायची. "'मला सगळ्यांचे पाय ओळखू येतात' असं नाही म्हणनार ना मॅडम ती. ती म्हनंन, 'मले तोंडं कोनाचे ध्यानात राह्यत नाही. जोडा दाखवा, घर सांगतो.'" प्रेक्षकांच्या चपला दारातच उतरवून घ्यायच्या आणि त्याच रंगमंचावर मांडायच्या, ही कल्पनाही तिचीच. मंगल स्वयंपाकघरात शीलाला मदत करायची. एका संध्याकाळी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता. तो खाता खाता माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सगळ्यांनी तिखट म्हणून समजून घेतलं, मीही तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मंगल झोपली होती आणि मी, सर आणि शीला एवढेच बसलो होतो. मला त्यांना विचारायचं होतं. पण विचारायचं म्हणजे आधी शीलाला सांगायला हवं. जे मी माझ्या भावाच्या बायकोला सांगितलं नव्हतं, ते तीन दिवसांच्या ओळखीच्या बाईच्या तोंडून जाणार होतं.

"शीला, सरांना विचार, मी इकडेच राहायला येऊ का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे वळून, एक एक अक्षर सुटं करत ते विचारलं.

सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तिकडं काय कमी हाय?"

"बोलायला माणूस नाही. म्हातारपणी जर्मन गेलं तर माझं कोणाला काय कळणार?"

शीलानं सांगितलं. सर खिडकीबाहेर बघत होते; तिला त्यांचा गुडघा हलवून पुन्हा सांगावं लागलं.

"माह्याकडं पाह्य," ते म्हणाले. "मी गाव सोडलं नाही. सारं गाव माह्याच भाषेत बोलते. पन मले कोनाचंच आयकू येत नाही. बायको होती तवा तिचा आवाज होता. आता तिचा आवाज कसा होता ते बी ध्यानात येत नाही." मग म्हणाले, "याचं असंन तं ये. पन इथं आली म्हंजे एकटं वाटनार नाही, असं कोनी सांगितलं तुले?"

शीला उठून आत गेली. दुभाषी नसल्यामुळे आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

प्रयोग

एका शाळेच्या सभागृहात प्रयोग होता. लाइप्झिगला तिसरी घंटा झाली की दार बंद होतं; उशिरा आलेला मंत्री असो, बाहेर थांबतो. इथं आधी दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, मग पाहुण्यांनी एकेक करत माझ्याबद्दल भाषणं केली. त्यांनी माझं काम पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते जर्मनीबद्दल बोलले. सर पहिल्या रांगेत, शीला आणि मंगल त्यांच्या दोन बाजूंना. माझ्यापुढे रंगमंचभर चपला.

सुरुवात बरी झाली. लोक हसले. आपली चप्पल माझ्या हातात आली की एखादा कोपरा खुसखुसायचा. पण मला आतून कळत होतं की मी सांभाळून बोलते आहे, शब्द बरोबर येतो की नाही याकडे कान लावून. आणि तेवढ्यात बाहेरून वरात आली.

वऱ्हाडातली वरात ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते: ट्रकवर माणसापेक्षा उंच भोंगे असतात आणि ते वाजले की बरगड्या वाजतात. सभागृहाच्या खिडक्या थरथरायला लागल्या. मी आवाज चढवला. स्वतःचा स्वतःला ऐकू येईना. वरात दारासमोरच थांबली, नाचणाऱ्यांना ती जागा आवडली असावी. लोक मागं वळून पाहू लागले. मी बोलणं सोडून दिलं.

नाटक थांबवणं मला सुचलं नाही. मी उकिडवी बसले आणि चपला लावायला लागले. एका पुरुषी जोड्याची टाच एकाच बाजूनं झिजलेली होती. तो कसा चालतो ते करून पाहिलं. लहान मुलाचा बूट झटकला, त्यातून वाळू पडली. चमचमत्या टिकल्यांची एक नवी सँडल होती. इकडेतिकडे पाहून त्यात हळूच पाय घातला, दुसरा घातला, आणि देवळाच्या दाराकडे चार पावलं टाकली. तिथून परत फिरून सँडल काढली, पदरानं पुसली आणि होती तशी ठेवली. मागं वळलेली डोकी पुन्हा पुढं झाली होती. कुणाला काही ऐकू येत नव्हतं. सगळं सभागृह सरांसारखं झालं होतं, आणि सर खुर्चीच्या टोकाला येऊन बसले होते.

वरात गेली. मी पुन्हा बोलू लागले आणि नाटक शेवटापर्यंत नेलं. शेवट असा ठरवला होता की भजन संपतं, लोक येतात, आपापल्या चपला घेऊन जातात, आणि बाई बसून राहते. प्रेक्षकांनी खरंच एकेक करून वर यायचं आणि चपला न्यायच्या. ते आले. कुणी वाकून नमस्कार केला, कुणी "मस्त झालं" म्हणालं, बहुतेक जण आपला जोडा शोधण्यात गुंतलेले. चपला हातात असल्यामुळे टाळ्या वाजल्याच नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच प्रयोगाच्या शेवटी मी वाकले नाही, उठले नाही. रिकाम्या होत जाणाऱ्या रंगमंचावर तशीच बसून होते.

शीला सरांना धरून वर घेऊन आली.

"सुरुवातीले हात तुह्ये तिकडले होते," सर म्हणाले. "फळीमागं उभं राहनाऱ्या बाईचे. मधात बोलनं बंद केलं तू, तवा इकडले झाले. मंग पुन्हा तिकडले." त्यांनी माझा हात उचलून उलटासुलटा करून पाहिला. "मधातलं तेवढं काम तुह्यं होतं. बाकी बी वाईट नव्हतं."

मी काहीतरी बोलले. त्यांनी सवयीनं शीलाकडे पाहिलं.

निघताना पूनमला नाटक देऊन टाकलं. म्हटलं, तू कर. तुझं तोंड उघडतं. ती आधी नाही नाही म्हणाली, मग विचारलं, "बदललं तं चालंन काय मॅडम?" मी म्हटलं, चालंन.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागं पडल्यावर मंगलनं पिशवी मांडीवर घेतली. मग एकदम म्हणाली, "त्या बाईले घ्याले कोनी आलं का मंग?"

"कुठल्या?"

"चपलावाल्या. सारे गेले. ती बसूनच राह्यली. मंग कोनी आलं का तिले घ्याले?"

शेकडो प्रयोग केले, तिकडच्या लोकांनी पुष्कळ प्रश्न विचारले, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही. कोणी नाही आलं."

मंगलनं खिडकीबाहेर पाहत विचार केला. "मंग उठून गेली असंन घरी. सैपाक करा लागते ना." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "ताई, शीलानं सांगितलं मले. तुम्ही इचारलं सराले ते. मले इचारलं असतं तं मी हो म्हटलं असतं. पन मी बी किती दिवसाची? मुलं न्याले आले तं मले बी जा लागंन पुण्याले." तिनं डबा उघडला आणि शीलानं दिलेली सांबारवडी माझ्या हातावर ठेवली.

लाइप्झिग

मी खोलीला होकार कळवला. एप्रिलच्या मध्याला राहायला गेले. खोली चांगली आहे. शेजारी एक म्हातारा सारंगीसारखं काहीतरी वाजवतो, संध्याकाळी जेवायला सगळे एकत्र असतो आणि जुन्या नाटकांची भांडणं अजून भांडतो.

पहिल्याच आठवड्यात तिथल्या मुख्य बाई बसून बोलायला आल्या. आजारपणात काय करायचं, कुणाला कळवायचं, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि कधी तुमचं जर्मन कमी झालं, तर आम्ही तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलावं?" फरीदानंतर त्या हे सगळ्यांनाच विचारतात.

"वऱ्हाडी," मी म्हटलं.

त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "ती बोलणारं इथं कोणी मिळेल?"

"इथं नाही. अमरावतीला एक आहे." मी मंगलचा नंबर दिला.

मग मंगललाही सांगायला हवं होतं. तिकडे दुपारची झोप झाल्याची वेळ गाठून फोन केला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. ती घाबरली.

"बाप्पा! मले कुठं जर्मन येते? त्या बाईशी मी काय बोलू?"

"तिच्याशी नाही बोलायचं. ती फोन माझ्या कानाला लावेल. तू माझ्याशी बोल."

"पन तुम्हाले तवा काही समजून नाही राह्यलं तं?"

"तरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. भाजी काय केली ते सांग."

मागं तिचा पंखा फिरत होता. मग तिनं घसा साफ केला आणि जरा मोठ्यानं, शब्द सुटे करत सांगायला लागली, "आज नं ताई, चिवळीची भाजी केली. निवडता निवडता जीव जाते बाप्पा, लय बारीक पानं असते. मूगडाळ टाकली. एकटीसाठी थोडीच करतो म्हटलं, तरी लय झाली..."